नरवानर गणातील साहाय्यक प्रजनन

माकडे, बॅबून, मार्मोसेट अशा नरवानर गणातील (माणूस वगळून) प्राण्यांत नैसर्गिक समागमाशिवाय गर्भधारणा घडवून आणण्याची तंत्रे. कृत्रिम वीर्यरोपण, शरीराबाहेरील फलन, बीजांडात थेट शुक्राणू टोचणे, भ्रूणरोपण आणि क्लोनिंग (एका प्राण्याच्या पेशीपासून त्याची जनुकीय प्रत तयार करणे) ही त्यांची मुख्य रूपे होत.

वैद्यकीय संशोधनात ऱ्हीसस, म्हणजे आपल्या ओळखीच्या लालतोंड्या माकडाचा, वापर मोठ्या प्रमाणावर होतो. मादीची पाळी बाईसारखीच सुमारे २८ दिवसांची असते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते आणि गर्भकाळ साडेपाच महिन्यांचा असतो. हे साम्य उंदरात मिळत नाही. भारताने १९७८ मध्ये या माकडांची निर्यात बंद केल्यावर अमेरिकेतील केंद्रांना स्वतःच्या पैदाशीवर भर द्यावा लागला.

मात्र साम्य असले तरी काम सोपे नाही. ऱ्हीसस मादीच्या गर्भाशयमुखाची वाट नागमोडी असते. त्यामुळे तेथून नळी घालणे अवघड जाते आणि भ्रूण बहुधा पोटाला छोटा छेद देऊन दुर्बिणीच्या साहाय्याने बीजवाहिनीत सोडतात. बीजांडे वाढवण्यासाठी मानवी संप्रेरके वारंवार टोचली, तर मादीच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या खेपेला औषध लागू पडत नाही. शुक्राणूंना फलनक्षम करण्यासाठी द्रावणात कॅफीनही घालावे लागते.

या क्षेत्रात माणूस माकडाच्या पुढे होता: पहिले मानवी टेस्ट ट्यूब बाळ लुईस ब्राऊन हिचा जन्म १९७८ चा, तर विस्कॉन्सिनमधील ऱ्हीससचे टेस्ट ट्यूब पिल्लू ‘पेट्री’ १९८३ चे. पुढे मात्र क्रम उलटला. भ्रूणातील मूलपेशी (ज्यांपासून शरीरातील निरनिराळ्या पेशी बनू शकतात) १९९५ मध्ये ऱ्हीससपासून आणि १९९८ मध्ये माणसापासून मिळवल्या गेल्या. दोन्ही वेळा संशोधक जेम्स थॉमसनच होते. ओरेगनमध्ये २००९ साली एका मादीच्या बीजांडातील गुणसूत्रे दुसरीच्या बीजांडात बसवून निरोगी पिल्ले जन्माला आली. सदोष तंतुकणिकांमुळे (पेशीला ऊर्जा पुरवणारे, आईच्या बीजांडातून येणारे घटक) होणारे आजार आईकडून बाळाकडे जाऊ नयेत, यासाठीच्या उपचाराला त्यातून मोठा आधार मिळाला.

नाव मिळालेल्या प्रत्येक पिल्लामागचे आकडेही सांगायलाच हवेत. जेलीफिशचे जनुक घेऊन २००० मध्ये जन्मलेल्या ‘अँडी’साठी २२४ बीजांडे वापरली गेली. ४० भ्रूण २० माद्यांत ठेवले, तीन पिल्ले जन्मली आणि जनुक उतरले ते एकट्या अँडीत. शांघायमधील ‘झोंग झोंग’ आणि ‘हुआ हुआ’ ही लांब शेपटीच्या माकडाची क्लोन पिल्ले २०१७ च्या अखेरीस जन्मली. त्यांसाठी ७९ भ्रूण २१ माद्यांत ठेवले होते. क्लोनिंगसाठी घेतलेल्या पेशी माकडाच्या गर्भातील होत्या. प्रौढ मादीच्या पेशींपासून झालेली दोन पिल्ले मात्र जन्मानंतर लगेच दगावली.

क्लोन भ्रूणाची वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) नीट वाढत नाही, हे अपयशाचे एक मोठे कारण ठरले. म्हणून चिनी संशोधकांनी क्लोन भ्रूणाचा आतला पेशीपुंज साध्या फलित भ्रूणाच्या बाह्य आवरणात, म्हणजे ज्यापासून वार बनते त्यात, बसवला. त्यातून झालेला ‘रेट्रो’ हा ऱ्हीसस नर दोन वर्षांहून अधिक काळ निरोगी असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.