नाताळ आणि ईस्टर पाळावेत का? वादामागचा इतिहास

‘नाताळ मुळात मूर्तिपूजकांचा सण आहे, म्हणून ख्रिस्ती माणसाने तो पाळू नये’ या एका वाक्यात तीन निरनिराळे दावे एकत्र बांधलेले असतात. तारीख मूर्तिपूजकांकडून आली, नाव त्यांच्याकडून आलं, की चालीरीती आल्या? प्रत्येकाचा पुरावा वेगळा तपासावा लागतो, कारण एक खरा ठरला तरी उरलेले दोन आपोआप खरे ठरत नाहीत. याखेरीज चौथा प्रश्न आहे आणि तो मुळाशी संबंधितच नाही: शास्त्राने (बायबलने) न सांगितलेला दिवस पाळायला मंडळीने (चर्चने) लोकांना भाग पाडावं का? सोळाव्या आणि सतराव्या शतकांत माणसं तुरुंगात गेली आणि दंगली झाल्या त्या मुख्यतः या चौथ्या प्रश्नावरून. मूर्तिपूजेचा आरोप सोबतीला होता, पण गाडा ओढत होता तो अधिकाराचा प्रश्न.

तारखेपासून सुरुवात करू. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्तजन्माचा सण असल्याची नोंद नाही. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट जन्मतारखेबद्दलची निरनिराळी मतं सांगतो. कुणी २० मे धरतं, कुणी १९ किंवा २० एप्रिल. त्यात २५ डिसेंबर नाही. तिसऱ्या शतकात धर्मपंडित ओरिजेन म्हणतो की शास्त्रात वाढदिवस साजरे करताना दिसतात ते फारो आणि हेरोद, धार्मिक माणसं नव्हेत. म्हणजे सणाला पहिला विरोध झाला तो वाढदिवस साजरा करण्याच्या कल्पनेलाच; तारखेचा त्यात काही संबंध नव्हता.

२५ डिसेंबरचा पहिला पक्का पुरावा रोममधल्या एका संग्रहात मिळतो. फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने इ.स. ३५४ मध्ये एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी तो तयार केला. त्यातली हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी ३३६च्या सुमाराची आहे आणि तिची पहिलीच ओळ म्हणते: जानेवारीच्या कालेंडीपूर्वी (पहिल्या तारखेपूर्वी) आठव्या दिवशी, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. रोमन मोजणीने तो दिवस २५ डिसेंबर. गंमत अशी की त्याच संग्रहातल्या सरकारी पंचांगात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्याचा जन्मदिन, ३० शर्यती’ (म्हणजे रथांच्या शर्यती) अशी नोंद आहे. हा ‘अजिंक्य’ म्हणजे सूर्यदेव, असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. सूर्याच्या या सणाचाही त्याआधीचा निर्विवाद पुरावा नाही. दोन्ही सण पहिल्यांदा एकाच बांधणीत समोर येतात, त्यामुळे कुणी कुणाकडून उचललं हे या कागदावरून सांगता येत नाही. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं देऊळ उभारलं हे खरं, पण ते २५ डिसेंबरला अर्पण झालं असं सांगणारा त्या काळातला कागद नाही. शिवाय याच पंचांगात सूर्याच्या नावाचे मोठे खेळ ऑक्टोबरात आहेत आणि त्यांना ३६ शर्यती आहेत.

दुसरी उपपत्ती हिशोबाची. फ्रेंच इतिहासकार लुई ड्युशेन यांनी १८८९ मध्ये ती मांडली. इ.स. २००च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ताच्या मरणाची तारीख २५ मार्च दिली होती. ख्रिस्ताचा गर्भधारणेचा आणि मरणाचा दिवस एकच, असं धरलं की पुढे नऊ महिने मोजून २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मरणाची तारीख ६ एप्रिल धरणारे गट होते. तिथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन मंडळी आजही जन्माचा सण ६ जानेवारीलाच पाळते. दोन्ही प्रदेशांत एकच गणित जुळतं, ही या उपपत्तीची जमेची बाजू. कमजोरी अशी की सण सुरू होण्याआधीच्या कुठल्याही लेखकाने ‘आम्ही असे मोजले’ असं स्पष्ट लिहिलेलं नाही. गर्भधारणा आणि मरण यांची तारीख एकच असल्याचं बिशप ऑगस्टिन सांगतो, पण तो पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, सण रुळल्यानंतर.

‘चर्चने सूर्याचा सण मुद्दाम उचलला’ हे थेट सांगणारं जुन्यात जुनं वाक्य कुठलं म्हणावं, तर बाराव्या शतकातल्या दियोनिसियस बार सलिबी या सिरियन लेखकाच्या हस्तलिखितावरची समासातली टीप. ती कुणी लिहिली ते माहीत नाही, आणि घटनेपासून ती आठशे वर्षं दूर आहे. १७४३ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट विद्वान याब्लोन्स्की यांनी ही कल्पना अभ्यासपूर्ण रूपात मांडली आणि तिथून ती पाठ्यपुस्तकांत गेली. माझ्या मते पारडं किंचित हिशोबाच्या बाजूने झुकतं, पण सूर्याचा संबंध अजिबात नव्हता असं म्हणणंही धाडसाचं. चौथ्या शतकातले धर्मोपदेशक ख्रिस्ताला ‘नीतिमत्त्वाचा सूर्य’ म्हणत तेव्हा ऐकणाऱ्यांना सूर्याचा सण ठाऊक होता. पाचव्या शतकात पोप लिओ तक्रार करतो की लोक संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढतात आणि आत शिरण्यापूर्वी वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात.

नाताळ सॅटर्नेलिया या रोमन सणावरून आला हा दावा मात्र तारखेच्या बाबतीत टिकत नाही. तो सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि लांबवला तरी २३ला संपे. चालीरीतींबद्दल बोलायचं तर मेजवान्या, भेटी आणि दिवे हे हिवाळ्यातल्या कितीतरी सणांत असतं. साम्य दिसलं म्हणजे वारसा सिद्ध झाला असं नाही. पण सरमिसळ होत होती, आणि त्याचा साक्षीदार तर्तुलियनच आहे: ख्रिस्ती लोक सॅटर्नेलियात भेटी देतात आणि दारांवर दिवे आणि लॉरेलची पानं लावतात, मूर्तिपूजकांच्या घरांपेक्षा त्यांचीच दारं जास्त सजलेली असतात, असं तो खडसावतो. ही तक्रार नाताळ सुरू होण्याच्या शंभरएक वर्षं आधीची आहे. त्यामुळे ‘नाताळमुळे मूर्तिपूजा मंडळीत शिरली’ हा क्रमच उलटा पडतो.

चर्चने जाणूनबुजून रूपांतर केल्याचा खरा कागद वेगळाच आहे. पोप ग्रेगरीने ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या धर्मप्रचारक मेलिटसला पत्र पाठवलं: मूर्ती फोडा, पण देवळं पाडू नका, तिथे पवित्र पाणी शिंपडा, वेद्या उभारा, आणि लोक बैल बळी देत असतील तर हुतात्म्यांच्या स्मरणदिनी तेच बैल कापून देवाची स्तुती करत जेवू द्या. सण पाळण्याच्या विरोधात बोलणाऱ्याने आधार म्हणून हे पत्र घ्यावं. सणांचं मूळ बाबेलच्या निम्रोद आणि सेमिरामिसपर्यंत नेणाऱ्या कथांपेक्षा ते कितीतरी भक्कम आहे. ख्रिसमस ट्रीचा पुरावा मात्र फार अलीकडचा, सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अल्सास भागातला. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायातलं सोन्यारुप्याने मढवलेलं लाकूड म्हणजे खिळ्यांनी ठोकून उभी केलेली मूर्ती. घरात सजवलेल्या झाडाशी त्याचा संबंध नाही.

ईस्टरची गोष्ट निराळी आहे, कारण तो सण दुसऱ्या शतकातच होता आणि भांडण होतं ते फक्त दिवसाचं. आशिया या रोमन प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या यहुद्यांच्या वल्हांडण या सणाबरोबर, निसान महिन्याच्या १४व्या दिवशी तो पाळत, मग वार कोणताही असो. रोम रविवारी पाळत असे. इ.स. १५५च्या सुमारास स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन तिथल्या बिशप अनिसेटसला भेटला. एकमत झालं नाही, पण दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं. १९०च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियाच्या मंडळ्यांना बहिष्कृत करायचं ठरवलं, तेव्हा बिशप इरेनियसने त्याला हीच भेट आठवण करून दिली. ३२५च्या नायसीया परिषदेने सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावं असं ठरवलं.

नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या चर्चच्या कोष्टकातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. म्हणून तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्येच येते. करून पाहायचं तर वर्षाला १९ने भागा, बाकीत १ मिळवा आणि त्या अंकाची पौर्णिमा कोष्टकात पाहा. २०२५ची बाकी ११, अंक १२, पौर्णिमा १३ एप्रिल. तो रविवार असल्याने ईस्टर २० एप्रिलला गेला. चुकतं ते इथे, की लोक आकाशातली पौर्णिमा धरतात. २०१९ मध्ये विषुवदिन (दिवसरात्र समान होण्याचा दिवस) २० मार्चला आणि खरी पौर्णिमा २१ मार्चला होती. त्या हिशोबाने ईस्टर २४ मार्चला हवा होता. पण कोष्टकात १८ एप्रिल होता, म्हणून तो २१ एप्रिलला पाळला गेला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जवळपास सगळ्याच अजून ज्युलियन पंचांगावर मोजतात. त्यामुळे २०२४ मध्ये एक ईस्टर ३१ मार्चला तर दुसरा ५ मे रोजी आला. १९९७ मध्ये सिरियातल्या अलेप्पो इथल्या बैठकीत जेरुसलेमच्या रेखांशावरून खगोलीय गणना करण्याची सूचना झाली होती; ती अमलात आली नाही.

या सगळ्या हिशोबात वल्हांडण आहे, वसंतदेवी कुठेही नाही. देवीचा उल्लेख फक्त इंग्रज भिक्षू बीड ७२५ मध्ये करतो: ज्या महिन्यात हा सण येई त्याचं जुनं इंग्रजी नाव इओस्त्रे या देवीवरून पडलं होतं, एवढंच. बाकीच्या बहुतेक भाषांत सणाचं नाव वल्हांडणावरून आलेलं आहे. १८३५ मध्ये याकोब ग्रिमने बीडच्या त्या उल्लेखावरून जर्मन देवी ‘ओस्टारा’चा तर्क केला, आणि ससा तिचा सोबती असल्याचा तर्क त्याच्याही नंतरचा. ईस्टरच्या सशाचं वर्णन १६८२ मध्ये मिळतं. अंड्यांचं कारण तर साधंच आहे: ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती खायला मनाई होती, कोंबड्या मात्र घालतच राहत, आणि सणाला साठा तयार असे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९०च्या घरखर्चात रंगवायच्या ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स लिहिलेले आहेत.

आता मूळ भांडण. धर्मसुधारकांत दोन मतं होती. लुथरपंथी म्हणत, शास्त्राने मना केलेलं नाही ते चालेल. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीच्या (त्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याच्या) १५व्या कलमात सण पाळायला मुभा आहे, पण ते तारणाला आवश्यक आहेत असं ओझं विवेकावर टाकू नये अशी अटही आहे. दुसरा पक्ष म्हणे, उपासनेत शास्त्राने सांगितलेलं असेल तेवढंच हवं. जिनिव्हाने १५५० मध्ये रविवार सोडून बाकीचे सण रद्द केले. स्वित्झर्लंडच्या १५६६च्या कबुलीने जन्म, मरण, पुनरुत्थान यांचे दिवस ख्रिस्ती स्वातंत्र्यात पाळायला संमती दिली. स्कॉटलंडच्या महासभेने ती कबुली मान्य केली, फक्त सणांचा भाग वगळून. नेदरलँड्समध्ये १५७४च्या धर्मसभेने रविवारच पुरे असं ठरवलं होतं, तर १६१८–१९ला डॉर्ट इथल्या सभेने नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट परत घेतले. सरकारी सुट्ट्या चालूच होत्या आणि रिकामी माणसं उपदेशाला आणणं बरं, हा त्यामागचा व्यवहार.

इंग्लंडच्या संसदेने जून १६४७ मध्ये हे सण कायद्याने बंद केले, आणि त्या डिसेंबरात कँटरबरीत दुकानं उघडायला लावल्यावरून दंगल झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळ सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो १९५८ मध्ये. क्वेकर पंथाचे लोक सर्वांत सुसंगत निघाले: सण सोडलेच, वारांची आणि महिन्यांची देवतांवरून पडलेली नावंही सोडून ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ म्हणू लागले. सण सोडून वारांची नावं ठेवणाऱ्यांना हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आज फिरणारे बहुतेक दावे या पंथांचे नव्हेत. ते येतात स्कॉटिश पाळक अलेक्झांडर हिस्लॉप यांच्या १८५३च्या पुस्तिकेतून, जी पुढे वाढवून ग्रंथ झाली. रोमच्या प्रत्येक रीतीचं मूळ बाबेलात, तिथली देवी ‘इश्तार’ म्हणजेच ईस्टर, असा तिचा सूर आहे. पद्धत उच्चारसाम्याची, आणि मधल्या दोनअडीच हजार वर्षांची साखळी कुठेच नाही. अमेरिकन लेखक राल्फ वुड्रो यांनी १९६६ मध्ये त्यावर आधारित लोकप्रिय पुस्तक लिहिलं. पुढे मूळ साधनं तपासल्यावर ते मागे घेतलं आणि १९९७ मध्ये खंडन करणारं दुसरं पुस्तक काढलं. असा दावा समोर आला की आधी विचारावं: सर्वांत जुना कागद कोणत्या वर्षाचा, तो त्याच प्रदेशातला आहे का, आणि मधल्या काळात ती रीत कुणाच्या हातून पुढे आली?

शास्त्रवचनंही दोन्ही बाजूंनी अपुरी वापरली जातात. अनुवाद १२:३०–३२ इतर राष्ट्रांच्या पद्धतीने देवाची सेवा करू नका असं सांगतं, आणि यराबामाने मनाने ठरवलेल्या आठव्या महिन्याच्या सणाचा धिक्कार १ राजे १२ मध्ये आहे. उलट पुरीमचा सण नियमशास्त्रात नाही, तरी एस्तेरच्या नवव्या अध्यायात तो मान्य होऊन ठरतो. योहान १०:२२ मध्ये येशू मंदिराच्या समर्पणाच्या सणात मंदिरात आहे, आणि तो सण मक्काबींच्या काळातला, म्हणजे नियमशास्त्रानंतरचा. गलतीकरांस ४:१० मध्ये पौल दिवस पाळणाऱ्यांबद्दल घाबरतो. रोमकरांस १४ मध्ये तोच पौल दिवस मानणारा आणि न मानणारा या दोघांनाही प्रभूसाठी वागणारे म्हणतो. गलतीयात ते दिवस तारणाची अट बनले होते, रोममध्ये नव्हते.

‘मूळ’ या मुद्द्याला सर्वांत जवळचं उत्तर १ करिंथकरांस १०:२५–२९ मध्ये आहे. बाजारात विकलेलं मांस कुठून आलं याची चौकशी न करता खा. पण कुणी ‘हे मूर्तीला वाहिलेले आहे’ असं सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मंडळीत याचा व्यवहार असा करता येतो: उपासना ठेवावी, पण हजेरी सक्तीची नसावी, न येणाऱ्याला शिस्तीची कारवाई नको, मूर्तिपूजेतून नुकत्याच आलेल्या आणि एखाद्या रीतीने अडखळणाऱ्या माणसासमोर ती रीत करू नये. उलट बाजूनेही, सण न पाळणं ही सभासदत्वाची अट करू नये. यहोवाच्या साक्षीदारांच्या मुख्यालयात नाताळ शेवटचा १९२६ मध्ये झाला, आणि आज तिथे तो पाळणं निषिद्ध आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मात्र शब्बाथाबाबत इतके काटेकोर असूनही नाताळ प्रत्येकाच्या विवेकावर सोडतात.