‘हॉकन’ नावाचा गुंता: कारखान्यातल्या ठासणीच्या रायफली आणि कारागिरांचे हात

अमेरिकेत ठासणीच्या रायफलीचे सुटे भाग बदलणं तिच्याइतकंच जुनं आहे. अठराव्या शतकातले पेनसिल्व्हेनियाचे कारागीरही बरेचदा इंग्लंडहून आलेलंच लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, बसवत. ठिणगी पाडणारी चकमक जाऊन आघाताने पेटणारी टोपी आली, तेव्हा जुन्या नळ्यांना ड्रम (बाजूला बसवायचा छोटा नळकांडा) आणि निप्पल (त्यावरची टोपी चढवायची बोंडी) लावून त्या वापरात ठेवल्या गेल्या. नळीच्या आतल्या झिजलेल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पुन्हा कोरून कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, किंचित वाढवणं तर नेहमीचंच काम होतं.

आजचा छंद मात्र १९७० नंतरचा. १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्याने अशा प्रतिकृतींना पुरातन शस्त्रांच्या वर्गात ठेवलं, त्यामुळे जुळणीचे संच टपालाने घरी येऊ लागले. १९७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने मागणी आणखी वाढवली. त्याआधीच, १९७० मध्ये, न्यू हॅम्पशायरच्या एका कारखान्याने ‘हॉकन’ नावाची रायफल बाजारात आणली होती. घोळ तिथूनच सुरू झाला.

मूळ हॉकन सेंट लुईसमधल्या दोघा भावांच्या दुकानातली. जाड अष्टकोनी नळी, बहुधा मेपलचा अर्धा (नळीच्या टोकापर्यंत न जाणारा) दस्ता, लोखंडी जोडकाम (दस्त्यावरचे धातूचे भाग) आणि दहा पौंडांच्या वर वजन. कारखान्याची हॉकन अक्रोडाची आणि पितळी जोडकामाची. नळी २८ इंची, लॉकमध्ये गुंडाळीची स्प्रिंग, मागे खालीवर होणारी दृष्टी, म्हणजे नेम धरायची खूण. दोघींत साम्य थोडंच, पण नाव एकच. रॉकी पर्वतातल्या फर-व्यापाऱ्यांचे मेळावे १८२५ ते १८४० या काळातले. त्या काळचे कपडे-हत्यारं वापरून ते मेळावे पुन्हा जगणाऱ्या हौशींनी १८४० नंतरचं काही चालणार नाही असं ठरवलं, आणि ही रायफल बऱ्याच जणांना खटकू लागली. काहींच्या मते ते नाव तिला लावूच नये. मला हा आग्रह ताणलेला वाटतो. हजारो लोकांनी ठासणीची पहिली बंदूक हाती धरली ती हीच.

शिवाय तिला हवं तसं घडवता येतं. पितळावरची चकाकी घालवायची, दृष्टी काढून साधी खाचेची बसवायची, नळीवरचा निळा रंग उतरवून हळूहळू तपकिरी गंज चढवायचा. खरा कस लाकडात लागतो. कारखान्याचा दस्ता लॉकभोवती जाडजूड सोडलेला असतो. तिथे कानस चालवताना दर चार फटक्यांनी थांबून कडेवरून बोट फिरवायचं. लाकूड धातूला जिथे भिडतं तिथे पायरी लागली की अजून काम बाकी. दस्त्यातली पितळी डबी (चिंध्या ठेवायची) काढली तर तिची खाच मात्र उघडी पडते. म्हणून ज्यांना डबी नको, ते सरळ नवा मेपलचा दस्ता घेतात आणि त्याला लोखंड विरघळवलेल्या नायट्रिक आम्लाने रंग देतात. ऊब लागताच लाकडाच्या रेषा लालसर तपकिरी उमटतात.

नळीचं काम त्याहून सोपं. मागचं टोक आकड्याने अडकलेलं असतं. नळीला दस्त्यात धरून ठेवणारी पाचर काढली की नळी उचलून वेगळी होते. कारखान्याच्या नळीतल्या आट्यांचा पीळ ४८ इंचांत एक वेढा, म्हणजे चिंधीत गुंडाळून ठासायची गोल गोळी आणि लांबट गोळी दोन्हींसाठीची तडजोड. नुसत्या गोल गोळीसाठी ६६ इंचांत एक वेढा आणि खोल आट्यांच्या बदली नळ्या निघाल्या, आणि तीच रायफल दोन नळ्यांवर चालू लागली.

१९८५ मध्ये आलेल्या, टोपी नळीच्या सरळ मागे बसणाऱ्या इनलाइन रायफलींनी शिकारीचा बाजार बघता बघता आपल्याकडे ओढला. बाजूच्या लॉकवाल्या रायफलींचं कारखान्यातलं उत्पादन आटत गेलं. त्यामुळे आता पाचर काढून वेगळी होते ती बहुतेक वेळा कुणाची तरी वापरलेली, लॉकभोवती अजून जाड लाकूड असलेली रायफल.