अंगात येणे व मानसिक आरोग्य (मुंबई)

देव, पीर किंवा मेलेल्या माणसाने शरीराचा ताबा घेतला आहे या श्रद्धेतून येणारी अवस्था म्हणजे अंगात येणे. मुंबईत ती एका धर्मापुरती नाही. बाधा उतरावी म्हणून माहीमच्या मखदूम अली माहिमी दर्ग्यात मुसलमानांबरोबर हिंदूही येतात.

गिरणगावातल्या चाळीत नवरात्राची आरती टिपेला पोचली की एखादी बाई घुमू लागते. केस सुटतात, हुंकार वाढतात. शेजारणी हळदकुंकू लावतात, ओटी भरतात. सासूही हात जोडून विचारते, ‘आई, काही चुकलं का?’ एरवी मान खाली घालणारी सून त्या घटकेला घरच्यांना जाब विचारू शकते. मग ती शांत होते, पाणी मागते. याला सरसकट आजार म्हणणे चूक आहे. २०२२ पासून लागू असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही, समाजाने विधी म्हणून स्वीकारलेली अशी अवस्था विकारात मोडत नाही. ती नकोशी असताना येत राहिली, त्रास देऊ लागली, कामधंदा बुडू लागला, तर तो विकार.

घोळ होतो तो इथेच. स्किझोफ्रेनिया, फिट्स किंवा बाळंतपणानंतरचा आजार ‘बाहेरचं’ समजून घरचे भगताकडे जातात, अंगारा लावतात, उतारा टाकतात. उपचाराला उशीर होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. पैसा, लाज, डॉक्टरांची टंचाई हीही त्याची कारणे आहेत. कोकणातला चाकरमानी गावी जाऊन ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतो तेव्हा जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्याचे दुःख आपलेसे करतात. हा आधार डॉक्टरांनी तोडू नये. गोळ्या चालू ठेवून तो घेता येतो.

१९५६ च्या धर्मांतरातील २२ प्रतिज्ञा पाळणाऱ्या, म्हणून हिंदू देवदेवतांना न पुजणाऱ्या बौद्ध घरांत हा आधार वंदनेतून आणि विहारातल्या माणसांतून मिळतो. जातीवरून हिणवले जाणे किंवा धर्म विचारून घर नाकारले जाणे याचा मनावर येणारा ताण मात्र वेगळा. तो श्रद्धेतून येत नाही, दुसऱ्यांच्या वागण्यातून येतो, आणि रुग्णाची हकिकत घेताना त्याची विचारपूस व्हायलाच हवी.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक रुग्णाला साखळदंड घालण्यास २०१७ च्या केंद्रीय कायद्यानेही मनाई केली. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांना जादूटोणाविरोधी कायद्याने हात लावलेला नाही.