9 टक्क्यांचा हिशोब जुळत नाही

पावसाळ्यात मुंबईतल्या खड्ड्यांचे फोटो फिरू लागले की सोबत एक वाक्य हमखास येतं: "परदेशातले रस्ते बघा, आरशासारखे!" अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड मिनेसोटा राज्यात एप्रिल महिन्यात गाडी चालवलेला माणूस असं म्हणणार नाही. तिथले कितीतरी रस्ते हिवाळ्यात फुगतात आणि बर्फ वितळताना खचतात.

का? शाळेतलं उत्तर आपल्याला पाठ आहे: पाणी गोठताना 9 टक्क्यांनी प्रसरण पावतं. पण हिशोब मांडून बघा. जमीन 1 मीटर खोल गोठली आणि तिच्या आकारमानात 40 टक्के पाणी होतं असं धरलं, तर ती 3.6 सेंटिमीटर उचलली जायला हवी. प्रत्यक्षात रस्ते 10 सेंटिमीटरहूनही जास्त वर आलेले आढळतात. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी 1930 च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावतं. तरीही माती फुगली! इतका सुबक प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो.

म्हणजे जमीन उचलली जाते ती मुख्यतः खालून येणाऱ्या जादा पाण्यामुळे. मातीचा कण आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा शून्याखालीही द्रवच राहतो. त्यातलं पाणी बर्फाला चिकटत जातं, पापुद्रा पातळ होतो, आणि ती उणीव भरायला खालचं पाणी वर ओढलं जातं, वातीतून तेल चढावं तसं. गोठणारं पाणी ग्रॅममागे 334 ज्यूल उष्णता सोडतं. वरची थंडी जितकी उष्णता काढून घेते तितकी या गोठण्यातून मिळत राहिली, तर गोठणरेषा, म्हणजे गोठलेल्या आणि न गोठलेल्या मातीमधली सीमा, जागीच थांबते आणि तिथे निव्वळ बर्फाची चकती जाड होत जाते. पाणी अपुरं पडलं की रेषा खाली सरकते, नवी चकती सुरू होते. तापमान शून्याखाली 1 अंश गेलं की हा बर्फ हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 11 पट दाब देऊ शकतो. डांबराचा थर त्यापुढे किती टिकणार?

वाळूत ही ओढ क्षीण असते, चिकणमातीत पाणी फार हळू सरकतं. या दोहोंच्या मधल्या आकाराच्या कणांचा पोयटा सर्वांत घातक. आणि मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशांत हिमनद्यांनी हजारो वर्षं जात्यासारखे खडक दळून नेमकं तेच पीठ पसरून ठेवलंय. म्हणून तिथे हा पोयटा खणून काढतात, जाड खडी भरतात, पाण्याला वाट करून देतात. "कधीच खड्डा न पडणारं" मिश्रण विकणाऱ्याला, तिथेही आणि इथेही, आधी विचारावं: खालच्या पाण्याचं काय?

खरी मोडतोड वसंतात होते. बर्फ वरून वितळायला लागतो, खालचा थर अजून गोठलेला, त्यामुळे पाण्याला खाली जायला जागाच नसते. डांबराखाली नुसता चिखल. त्या काही आठवड्यांत मिनेसोटा अवजड ट्रकांच्या वजनावर मर्यादा घालतं आणि जमिनीतलं पाणी निचरल्यावर ती उठवतं.