मण्यातली साखर आणि पोटातली चरबी

गंगापूर रोडवरच्या एका जिममधून आणलेल्या दोन चिठ्ठ्या माझ्या पाकिटात आहेत. पहिली जानेवारीतली: वजन ७४.०, चरबी २४.२ टक्के. दुसरी मार्चअखेरची: वजन ७४.३, चरबी २५.१ टक्के. मधल्या अकरा आठवड्यांत माझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक, २० किलोच्या नुसत्या बारपासून ५० किलोपर्यंत गेला होता आणि पट्ट्याला आतल्या बाजूला एक नवं भोक पाडावं लागलं होतं. ट्रेनरने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, मिसळ बंद करा."

प्रकरण मिसळीवर आलं म्हणजे गंभीर होतं. नाशिकच्या माणसाने रविवारची मिसळ सोडायची तर पुरावा तरी पक्का हवा.

त्याच आठवड्यात दिंडोरीला मामेभावाकडे गेलो. द्राक्षांची काढणी तोंडावर होती, पण आदल्या दिवशी अवकाळी पडून गेलेला. एरवी हा सकाळ-संध्याकाळ ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, बघायचं नळकांडं, रिफ्रॅक्टोमीटर, खिशात घालून बागेत फिरतो. त्या दिवशी ओट्यावर बसून होता. विचारलं तर म्हणाला, "आज ब्रिक्स घेऊन काय करू? मण्यात पाणी चढलंय. खालीच दाखवणार. दोन-चार दिवस ऊन लागू दे."

मण्यातली साखर कुठे पळून गेलेली नव्हती, पाणी वाढल्याने रस पातळ झाला होता. शिवाय ते नळकांडं साखर मोजतच नाही. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं. प्रकाश किती वाकला ते दिसतं आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधायचा. चिठ्ठीतल्या २५.१ चा उलगडा मला तिथे ओट्यावर झाला.

जिवंत माणसाची चरबी आजवर कोणी थेट मोजलेली नाही. ती मोजायची तर विच्छेदन करावं लागतं, आणि त्यासाठी आधी मरावं लागतं. बाकी सगळ्या पद्धती दुसरंच काहीतरी मोजतात आणि हिशेबाने चरबीवर येतात. जिममधलं पायाखालचं यंत्र मोजतं विजेला होणारा विरोध. एका तळव्यातून अगदी क्षीण, जाणवणारही नाही असा प्रवाह सोडला जातो आणि तो दुसऱ्या तळव्यातून बाहेर येतो. चरबी सोडून उरलेल्या शरीरात ७३ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यात क्षार असतात, त्यामुळे तिथून वीज सहज जाते. चरबी तिला अडवते. विरोध कमी म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे स्नायू वगैरे जास्त, वजनातून ते वजा केलं की उरली ती चरबी. यात उंची, वय आणि लिंग घालून एक सूत्र चालवलं जातं. ते सूत्र दुसऱ्याच लोकांवर बेतलेलं असतं. नुसत्या पायांखालच्या यंत्रात तर प्रवाह एका पायाने चढतो आणि दुसऱ्याने उतरतो. पोटाच्या घेराशी त्याची जेमतेम तोंडओळख होते.

घरी करून पाहिलं. माझ्याकडे तसलाच एक स्वस्त काटा आहे. सकाळी उपाशीपोटी: वजन ७४.१, चरबी २४.०. अर्धा लिटर पाणी प्यायलो आणि लगेच पुन्हा उभा राहिलो: वजन ७४.६, चरबी २४.३. पाणी पोटात होतं, पायांतला विरोध तसाच. वजन मात्र वाढलं, म्हणून सूत्राने त्यातला बराचसा भाग चरबीच्या खात्यात टाकला. आकडेमोड केली तर यंत्राच्या मते मी साडेतीनशे ग्रॅम चरबी प्यायलो होतो. त्याच्या उलट, व्यायाम करून अंग तापलं की त्वचेतून वीज सोपी जाते आणि चरबी 'उतरते'. दिवसभर पाणी कमी पडलं की ती 'चढते'. कोरड्या, भेगाळलेल्या टाचांनीही फरक पडतो. जानेवारीतली चिठ्ठी सकाळी उपाशीपोटी घेतलेली होती. मार्चमधली संध्याकाळची, ऑफिसातून थेट जिममध्ये जाऊन, दारातच अर्धी बाटली घशात ओतल्यावरची.

वजनं उचलायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाची पंचाईत यापेक्षा मोठी असते. नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या अंगातलं पाणी सगळ्यात जास्त हलतं. स्नायू इंधन म्हणून ग्लायकोजन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. शंभर ग्रॅमची भर पडली की काट्यावर चारशे. पाय दुखून जिना उतरवत नाही त्या दिवसांत सुजेचं पाणी वेगळं. कुणाच्या सांगण्यावरून क्रिएटिनची पावडर चालू केली तर पहिल्याच आठवड्यात किलोभर वजन वाढू शकतं, तेही बहुतेक पाणीच. बायकांच्या बाबतीत पाळीच्या चक्राबरोबर होणारी चढउतार यात मिळवायची. बागाईतदार याला फुगवण म्हणेल. मणी फुगला म्हणजे गोड झाला असं तो कधीच धरत नाही.

आणि खरा बदल केवढा असतो? समजा ७४ किलोच्या माणसाने दोन-तीन महिन्यांत दीड किलो चरबी घालवली आणि दीड किलो स्नायू कमावला. नवख्यासाठी ही चांगलीच कमाई आहे. वजन तेवढंच राहील आणि चरबी २४ वरून २२ टक्क्यांवर येईल. दोनच टक्के! घरगुती काट्याची चूक सहज त्याहून मोठी निघते, आणि तो आकडा दाखवतो दशांशापर्यंत. त्या दशांशाचा मला खरा राग आहे. 'बावीस ते अठ्ठावीसच्या मध्ये कुठेतरी' असं छापलं असतं तर कोणाची मिसळ सुटली नसती.

मग खात्रीची पद्धत कोणती? फार काळ मान होता तो पाण्याखालच्या वजनाला. पाण्याची घनता १ धरली तर चरबीची साधारण ०.९, बाकी शरीराची १.१. गोदाघाटावर उड्या मारणाऱ्या पोरांकडे पाहा. काटक पोरगं दगडासारखं खाली जातं आणि एखादे गुटगुटीत काका हात न हलवता तरंगत राहतात. १९४२ साली अमेरिकी नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंना असं पाण्यात तोललं, तेव्हा वजनाच्या तक्त्यानुसार 'लठ्ठ' ठरलेल्या बऱ्याच गड्यांच्या अंगावर चरबी फारशी नव्हतीच. पण १.१ हा आकडा बोटांवर मोजता येतील एवढ्या शवांवरून आला, आणि फुप्फुसात उरलेल्या हवेचा हिशेब चुकला की उत्तर चुकतं. आज डेक्सा तपासणीला मान आहे. हाडांची घनता बघायला जी करतात तीच, दोन वेगवेगळ्या शक्तींच्या क्ष-किरणांची. किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. ती बरीच बरी, पण अंगात पाणी वाढलं की तीसुद्धा ते स्नायूत धरते. हौसच असेल तर सुरुवातीला एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा, त्याच यंत्रावर, त्याच वेळी करावी. दर महिन्याला करणं म्हणजे पैसे गोदेत टाकणं.

कातडीचा चिमटा घेऊन जाडी मोजणारा कॅलिपर स्वस्त आहे आणि मोजणारा हात एकच असेल तर उपयोगाचाही. टक्क्यांत रूपांतर न करता नुसते मिलिमीटर लिहून ठेवावेत. त्याची अडचण इतकीच की तो कातडीखालची चरबी पकडतो, आतड्यांभोवतीची नाही. आणि आपलं दुखणं तर तिथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हातापायाने बारीक आणि पोटाने भरलेला, हा आपला घरोघरचा नमुना.

म्हणून मी आता टेपवर आलोय. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडून. तीनदा मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. आठवड्यातून एकदा पुरे. वजन मात्र रोज करून सात दिवसांची सरासरी काढायची. एकट्या सोमवारच्या वजनाला काही अर्थ नाही, रविवारी काय खाल्लं ते आपल्याला ठाऊक असतं. वहीत उचललेल्या वजनांचीही नोंद असावी, पण तिच्यावरूनही हुरळू नये. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा आधीपासूनच्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. नवा स्नायू मागाहून येतो. जानेवारी ते मार्च माझी कंबर ९२ वरून ८८ सेंटिमीटरवर आली, वजन जवळजवळ तेच. चार सेंटिमीटर काही दारातलं पाणी पिऊन कमी होत नाहीत.

यातलं बरंचसं त्या रात्री दिंडोरीत जेवणं झाल्यावर मामेभावाला सांगत होतो. मामीने शिलाई मशीनच्या खणातून टेप काढून दिली. ती स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली तर वापरून वापरून जवळपास सेंटिमीटरभर ताणलेली निघाली, म्हणून शेजारून नवी आणवली. भाऊ काटकुळा, दिवसभर बागेत राबणारा. स्वतःला 'फिट' म्हणवतो. उंची १६८. कंबर उंचीच्या निम्म्यात, म्हणजे ८४ च्या आत असलेली बरी, आणि आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेषा धरतात ९० ला. बायकांसाठी ८० ला. टेप बेंबीवर टेकवली. ९२.

"आत्ता भाकरी खाल्लीये," तो म्हणाला. "पाऊस पडल्यावर ब्रिक्स घेतात का? सकाळी घे."

सकाळी उठून, चहाच्या आधी, पुन्हा घेतली. ९०.५.

"अजून दोनदा," तो म्हणाला आणि शर्ट वर धरून उभा राहिला.