जपानी रेंजफाइंडर: क्वानॉन ते निकॉन

सेइकी कोगाकू केन्क्यूजो ही कॅननची पूर्वज असलेली छोटी प्रयोगशाळा नोव्हेंबर १९३३ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागात सुरू झाली. तिथल्या गोरो योशिदांनी लायका हा जर्मन कॅमेरा सुटा करून त्याचे भाग तपासले होते. पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम, रबर असल्या साध्या मालातून एवढा महाग कॅमेरा होतो, तर तो जपानमध्येही व्हायलाच हवा, असे त्यांचे मत झाले. 'असाही कॅमेरा' मासिकाच्या जून १९३४ च्या अंकात 'क्वानॉन' या त्यांच्या कॅमेऱ्याची जाहिरात आली. नाव बोधिसत्त्व कान्नोनचे, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचे. लेन्सचे 'कास्यपा' हे नाव महाकाश्यपावरून. कॅमेरा मात्र विक्रीला आला नाही, आणि त्याच वर्षी योशिदा बाहेर पडले.

असा कॅमेरा बनवताना खरी अडचण लेन्स आणि रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस साधणारी यंत्रणा) यांच्या जोडणीत असते. ५० मिमीची लेन्स अनंतापासून एक मीटरपर्यंत फोकस करताना जेमतेम २.६ मिमी पुढे सरकते. तेवढ्याच हालचालीवर तरफेने आतला आरसा अचूक वळवायचा असतो. एफ/३.५ एवढ्या उघडलेल्या लेन्सला फिल्मपाशी सूट मिळते साधारण ०.१ मिमीची. जुळणी त्याहून चुकली, की खिडकीत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसतात आणि फोटो तरीही धूसर येतो.

म्हणून फेब्रुवारी १९३६ मध्ये बाजारात आलेल्या हान्सा कॅननची ५० मिमी एफ/३.५ निक्कोर लेन्स, तिचा माउंट, व्ह्यूफाइंडरची भिंगे आणि रेंजफाइंडरची यंत्रणा निप्पॉन कोगाकू या भिंगे बनवणाऱ्या कंपनीने बनवली. बॉडी, पडद्याचा शटर आणि जुळणी सेइकीची. पहिल्या कॅननचे निम्मे श्रेय पुढे निकॉन बनवणाऱ्या कंपनीला द्यायला हवे. हान्सा कॅननचा व्ह्यूफाइंडर बटण दाबल्यावर वर उसळतो आणि फ्रेम मोजणारी चकती समोर आहे. फोकसचे आटे बॉडीतच असून लेन्स बायोनेटने, म्हणजे किंचित फिरवून अडकवण्याच्या खाचेने बसते, त्यामुळे लायकाची आट्यांची लेन्स लागत नाही.

युद्धानंतर निप्पॉन कोगाकूने स्वतःचा कॅमेरा आखला. १९४६ मध्ये २० नमुन्यांची ऑर्डर निघाली आणि १९४८ मध्ये निकॉन १ आला. बाह्यरूप कॉन्टॅक्स या दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्याचे, आत लायकासारखा आडवा सरकणारा कापडी शटर. हे मिश्रण शहाणपणाचे होते, कारण कॉन्टॅक्सचा उभा धातूचा शटर फार गुंतागुंतीचा. फसले ते चित्राच्या मापात. फिल्म वाचवण्यासाठी नेहमीच्या २४ × ३६ ऐवजी २४ × ३२ मिमीची चौकट घेतली. ३६ चित्रांच्या रोलवर ४० फोटो बसत, पण फिल्म दर वेळी कडेच्या आठऐवजी सातच छिद्रांइतकी सरके. अमेरिकेतली स्लाइड कापणारी यंत्रे आठ छिद्रांच्या अंतराने कापत, म्हणजे पाते थेट चित्रावरच. १९४९ च्या निकॉन एममध्ये सरक आठ छिद्रांची झाली आणि चौकट २४ × ३४. उरलेले दोन मिलिमीटर १९५४ च्या एस२मध्ये भरून निघाले.