ध्वनिमुद्रित कॉल मतदाराला केंद्रापर्यंत नेतो का?

२००४च्या लोकसभा निवडणुकीत अनेक घरांत फोन वाजला आणि उचलणाऱ्याच्या कानावर तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ओळखीचा, थांबत थांबत बोलणारा आवाज पडला. हा आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. त्या वर्षी देशात दर १०० माणसांमागे जेमतेम सात दूरध्वनी होते, त्यामुळे खुद्द पंतप्रधानांचा आवाज आपल्या घरच्या फोनवर ऐकू येण्याचे अप्रूप मोठे होते. मतमोजणी झाली तेव्हा भाजपच्या जागा आधीच्या १८२ वरून १३८ वर आल्या होत्या. यावरून ते कॉल वाया गेले असे सिद्ध होत नाही, आणि ते केले नसते तर जागा आणखी कमी झाल्या असत्या असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका निवडणुकीत हजार गोष्टी एकाच वेळी घडत असतात, आणि त्यांतून एका गोष्टीचा परिणाम वेगळा काढायचा तर निव्वळ निकालाकडे पाहून भागत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत राज्यशास्त्रातील काही संशोधकांनी हा परिणाम मोजण्याची शिस्तशीर पद्धत वापरली, आणि तिचे निष्कर्ष प्रचारावर पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत असे आहेत.

आधी या कॉलचे यंत्र कसे चालते ते पाहू. या व्यवसायातले लोक त्याला ‘ओबीडी कॉल’ म्हणतात. ओबीडी म्हणजे आऊटबाउंड डायलिंग. क्रमांकांची यादी आणि ध्वनिफीत संगणकाला दिली की तो एकामागून एक क्रमांक लावत जातो, उचलल्याचा संकेत मिळताच फीत सुरू करतो आणि कोणी किती सेकंद ऐकले याची नोंद ठेवतो. अशा कामासाठी बरीच वर्षे वापरल्या जाणाऱ्या पीआरआय या डिजिटल दूरध्वनी जोडणीवर एका वेळी ३० संभाषणे चालू शकतात. घंटी वाजण्याचा वेळ आणि ३० सेकंदांचा संदेश मिळून एका कॉलला एक मिनिट धरले, तर एका जोडणीवरून तासाला १,८०० आणि दहा जोडण्यांवरून १८,००० कॉल होतात. महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी सुमारे ९.७ कोटी मतदार आणि २८८ मतदारसंघ होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३.३७ लाख मतदार. एवढ्या सगळ्यांना एकदा फोन लावायला दहा जोडण्यांना १९ तास पुरतात. याउलट एका दारावर पाच मिनिटे थांबणारा कार्यकर्ता दिवसाचे सहा तास अखंड फिरला तरी ७२ घरांच्या पुढे जाऊ शकत नाही.

संदेशाच्या शेवटी ‘पाठिंबा असल्यास एक दाबा’ अशी सूचना असते. एकचे बटण दाबले की जोडणीत ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकदम उमटतात. दोनचे बटण दाबले तर पहिला सूर तोच राहतो आणि दुसरा १३३६ हर्ट्झचा होतो. सुरांची अशी जोडी मुद्दाम निवडलेली आहे, कारण माणसाच्या बोलण्यात नेमके हेच दोन सूर एकत्र येण्याची शक्यता फार कमी असते आणि त्यामुळे यंत्राची फसगत होत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत टेलिफोनच्या बटणांसाठी बाजारात आलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे.

हे सर्व जलद होते आणि स्वस्तही होते, पण त्याने मत पडते का, हे ठरवणे अवघड आहे. फोन उचलून संदेश पूर्ण ऐकणाऱ्यांमध्ये मतदानाचे प्रमाण जास्त आढळले, तर त्याचे श्रेय संदेशाला देण्याचा मोह होतो. परंतु ज्याला राजकारणात मुळातच रस आहे तोच असा संदेश शेवटपर्यंत ऐकतो, आणि तो एरवीही मतदानाला गेलाच असता. शिवाय पक्ष आपल्याला अनुकूल वस्त्यांनाच आधी फोन करतात. या गुंत्यातून सुटण्याचा मार्ग वैद्यकशास्त्राने औषधांच्या चाचण्यांसाठी आखून ठेवला आहे. मतदारयादीतील नावांची सोडत काढायची, एका गटाला फोन करायचा आणि दुसऱ्याला करायचा नाही. तुलना करताना फोन उचलणारे आणि न उचलणारे असे गट पाडायचे नाहीत. ज्यांना फोन करायचे ठरले होते ते सगळे एका बाजूला आणि ज्यांना करायचे नव्हते ते सगळे दुसऱ्या बाजूला ठेवायचे. सोडतीमुळे दोन्ही गटांत रस असलेले आणि नसलेले लोक जवळजवळ सारख्या प्रमाणात येतात, आणि उरलेला फरक फोनचा मानता येतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरातील सुमारे ३०,००० मतदारांवर असा प्रयोग केला. दारावर जाऊन समोरासमोर बोलल्याने मतदानात जवळजवळ नऊ टक्क्यांची वाढ झाली, टपालाने पाठवलेल्या पत्रकांनी किंचित वाढ झाली, आणि व्यावसायिक कॉल सेंटरमधून केलेल्या फोनचा परिणाम दिसलाच नाही. यातील फोनच्या आकड्यांवर पुढे संख्याशास्त्राच्या अंगाने बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र तेथे निदान पलीकडे जिवंत माणूस बोलत होता. निव्वळ ध्वनिमुद्रित कॉलची कसोटी टेक्सास राज्यात २००६ मध्ये, रिपब्लिकन पक्षाच्या अंतर्गत प्राथमिक निवडणुकीत लागली. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर रिक पेरी यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाच्या एका उमेदवारासाठी (तेथे न्यायाधीशही निवडणुकीने ठरतात) स्वतःच्या आवाजात संदेश मुद्रित केला, आणि कोणाला तो ऐकवायचा हे सोडतीने ठरवण्यात आले. आवाज खुद्द गव्हर्नरांचा होता, ऐकणारे त्यांच्याच पक्षाचे होते आणि न्यायालयाच्या निवडणुकीतील उमेदवार सामान्य मतदाराला फारसे परिचित नसतात, म्हणजे कॉलचा प्रभाव पडायला याहून चांगली संधी मिळणे कठीण होते. तरीही मतदानाच्या प्रमाणावर किंवा मत कोणाला पडले यावर दखल घेण्याजोगा परिणाम आढळला नाही.

असे का व्हावे, याचा सुगावा मिशिगनमधील प्रयोगातून लागतो. २००६च्या ऑगस्टमध्ये तेथील सुमारे १,८०,००० कुटुंबांवर गर्बर, ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर यांनी पत्रांचा प्रयोग केला. ज्यांना कोणतेच पत्र गेले नाही त्यांच्यात मतदान २९.७ टक्के झाले. ज्यांना गेलेल्या पत्रात त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या नावांपुढे मागच्या निवडणुकांत कोणी मतदान केले आणि कोणी केले नाही हे छापले होते, आणि निवडणुकीनंतर सुधारित यादी पुन्हा पाठवू असे बजावले होते, त्यांच्यात ते ३७.८ टक्क्यांवर गेले. माणसाचा आवाजही नसलेल्या कागदाच्या एका कपट्याने आठ टक्क्यांची वाढ घडवली, कारण आपण गेलो की नाही हे कोणीतरी पाहणार आहे, ही जाणीव त्याने दिली. (आपल्याकडे एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर अशी यादी लागली तर केवढा क्षोभ होईल याची कल्पना करता येते, आणि तो क्षोभ मला रास्तच वाटेल.) दारात उभा असलेला वॉर्डातला कार्यकर्ता हीच जाणीव सौम्यपणे देतो. ‘सकाळी जाऊन येतो’ असे त्याला सांगितले की तो शब्द दिल्यासारखा असतो. ध्वनिमुद्रित आवाजाला कोणी शब्द देत नाही. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड निकरसन यांच्या प्रयोगांतही हेच दिसले की घाईघाईने संहिता वाचून दाखवणाऱ्या फोनपेक्षा निवांत, दोन्ही बाजूंनी चालणारे संभाषण अधिक परिणाम करते.

मन वळवण्यात असा दुबळा ठरणारा हा कॉल दिशाभूल करण्यात मात्र दुबळा नाही, आणि मला या विषयात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. खोटी माहिती पोचवायला नात्याची गरज नसते. सांगणारा अधिकृत आहे एवढेच ऐकणाऱ्याला वाटले की पुरते. २ मे २०११ रोजी कॅनडाच्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्वेल्फ शहरातील हजारो मतदारांना सकाळी ध्वनिमुद्रित कॉल आला की तुमचे मतदान केंद्र बदलले आहे. कॉल निवडणूक यंत्रणेच्या नावाने होता आणि माहिती साफ खोटी होती. ज्या वापरून फेकून देण्याच्या मोबाइलवरून सूत्रे हलली, तो ‘पियरे पूतीन’ या बनावट नावाने नोंदवलेला निघाला. पूतीन हा तेथील बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा लोकप्रिय पदार्थ आहे. एका तरुण प्रचार कार्यकर्त्याला २०१४ मध्ये दोषी ठरवून नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी कॅनडाने कायदा करून मतदारांना सामूहिक कॉल करणाऱ्यांना नोंदणी आणि ध्वनिफिती जपून ठेवणे बंधनकारक केले.

दहा वर्षांनी या युक्तीला कृत्रिम बुद्धिमत्तेचे बळ मिळाले. न्यू हॅम्पशायरमधील २३ जानेवारी २०२४च्या प्राथमिक निवडणुकीच्या दोन दिवस आधी हजारो मतदारांना राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या आवाजात, तुमचे मत नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी राखून ठेवा, असे सांगणारा कॉल आला. आवाज संगणकाने घडवलेला होता. फोनवर अशी नक्कल ओळखणे विशेष कठीण असते, कारण पारंपरिक दूरध्वनी आवाजातील सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो आणि सेकंदाला ८,००० नमुन्यांत तो साठवतो. श्वासाचा वरचा सूक्ष्म भाग, ‘स’ आणि ‘श’ यांची धार, खोलीतला घुमारा अशा ज्या गोष्टींवरून कान शंका घेऊ शकला असता, त्यांतल्या बऱ्याचशा वाटेतच गळून जातात. फोनच्या पडद्यावर दिसणारा क्रमांकही बनावट होता. त्या वर्षी ८ फेब्रुवारीला अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने जाहीर केले की असा घडवलेला आवाज कृत्रिम आवाजाच्या कॉलवर बंधने घालणाऱ्या १९९१च्या कायद्यातील ‘कृत्रिम आवाज’ या व्याख्येत बसतो. कॉल घडवून आणणाऱ्या राजकीय सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड झाला. फौजदारी खटल्यात मात्र ज्यूरीने २०२५ मध्ये त्याला निर्दोष ठरवले.

आपल्याकडे राजकीय जाहिरातींप्रमाणेच सामूहिक ध्वनिसंदेशही आधी माध्यम प्रमाणीकरण समितीकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या प्रचारसामग्रीवर तसा स्पष्ट उल्लेख सक्तीचा केला, आणि ध्वनिसंदेशात तो सुरुवातीच्या १० टक्के वेळात असावा असे सांगितले. ३० सेकंदांच्या कॉलमध्ये हे तीन सेकंद होतात, आणि तेवढ्यात फोन कानाला लागतो न लागतो. हा उल्लेख शेवटी पुन्हा एकदा ऐकवण्याची सक्ती असावी असे माझे मत आहे.

आज मतदाराला नावाने हाक मारणारे, त्याच्या बोलीत बोलणारे घडवलेले आवाज प्रचारात आले आहेत, आणि त्यांचा प्रभाव विकणारे दावे मोठे असतात. हे दावे तपासणे महाराष्ट्रातही शक्य आहे. समजा, मतदानाच्या आदल्या दिवशी केवळ केंद्राचा पत्ता आणि वेळ सांगणारा पक्षनिरपेक्ष कॉल सोडतीने निवडलेल्या मतदारांना करायचा ठरवला. कोणी मतदान केले याची खूण केंद्रावरील यादीत होतेच, त्यामुळे नावे झाकून दोन गटांची मोजणी निवडणूक यंत्रणेलाच करता येईल. मतदान ५० टक्क्यांच्या आसपास असताना एका टक्क्याचा फरक खात्रीने पकडायचा, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे ४०,००० मतदार लागतात. एका घरातील माणसे एकमेकांना सांगणार, म्हणून सोडत माणसांऐवजी घरांची काढावी लागेल आणि हा आकडा आणखी वाढेल, तरीही सव्वातीन लाखांहून मोठ्या मतदारसंघात तो सहज बसतो.